पाखरांचा कंट्रोलर

कबुतरं कशी घालवायची, एवढंच मला विचारायचं होतं. काल्हेरला आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. खिडकीच्या जाळीत त्यांनी संसार मांडला होता आणि रोज घाण धुऊन सून वैतागली होती. मी खाली मेडिकलवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "आजी, औषध नाही माझ्याकडे. पण मोबाईलवर आमचा पक्ष्यांचा ग्रुप आहे. भिवंडी, वडपे, पडघा, सगळीकडची माणसं आहेत. जाणकार लोक. तिथे विचारा." त्यानं माझा नंबर घालून दिला. मी चौथी शिकलेली बाई. घरी येऊन चष्मा लावला, एकेक अक्षर शोधलं आणि लिहिलं, 'कबुतर मारायचे औषध कोणते.'

थोड्या वेळानं उत्तर आलं. 'प्रवाशांनी लक्ष द्यावे. आपण चुकीच्या गाडीत बसला आहात.'

माळकऱ्यांच्या पंगतीत बसून मटणाची वाटी मागावी, तसं मी केलं होतं. दोनशे माणसं पक्ष्यांवर जीव टाकणारी आणि त्यांना मी मारायचं औषध विचारत होते. आता काढून टाकतील म्हणून मी मोबाईल पालथा ठेवला. संध्याकाळी बघितलं, तर खाली आणखी एक ओळ होती. 'तरी आपण कबुतर ओळखता, ही सुरुवात चांगली आहे. थांबावे.'

हा त्या ग्रुपचा ॲडमिन. त्याची सगळी नोकरी बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून गेली होती. कोणती गाडी लागली, कोणती सुटली, कोणती पंक्चर होऊन वाटेत उभी आहे, हे माईकवरून ओरडून ओरडून त्याचा आवाज घासलेल्या चपलेसारखा झाला होता. निवृत्त झाल्यावर माईक गेला, पण सवय गेली नाही. मग त्यानं पाखरांचं स्टँड काढलं. सगळे त्याला कंट्रोलरसाहेब म्हणायचे. तोंडावर मीही अहोजाहो करायचे, पण वयानं तो माझ्याहून लहान, म्हणून इथे अरेतुरे लिहिते.

थंडी सुरू झाली की त्याच्या घोषणा सुरू. 'उत्तरेकडून येणारे धोबी लागले आहेत. खाडीकिनारी आपापल्या जागी शेपट्या हलवत आहेत.' 'चक्रवाक अद्याप आलेले नाहीत. वारंवार चौकशी करू नये.' कुणी फुलांचं चित्र टाकून शुभ सकाळ लिहिलं, तर 'अनधिकृत फेरीवाल्यांनी स्टँडच्या आवारात थांबू नये' असं लिहून तो त्याला संध्याकाळपर्यंत बाहेर काढायचा. संध्याकाळी स्वतःच परत घ्यायचा. एकदा तहसील कचेरीतला एक मोठा माणूस असाच दिवसभर बाहेर बसला. परत आल्यावर त्यानं मुकाट्यानं खंड्याचा फोटो टाकला.

पण त्याचा खरा कायदा वेगळाच होता. फोटोखाली पक्ष्याचं नाव लिहा न लिहा, अंतर लिहायलाच हवं. पक्षी होता तिथपासून तुम्ही किती लांब उभे होता? जितकं लांब तितका तुमचा मान मोठा. आणि घरट्याचा फोटो टाकला, तर कोणीही असो, एक पावसाळा बाहेर. बाकीच्या ग्रुपांत म्हणे फोटो जितका स्पष्ट तितकी वाहवा. आमच्याकडे उलटं. स्पष्ट फोटो आला की कंट्रोलर संशय घ्यायचा.

भिवंडीतला एक दातांचा डॉक्टर होता. त्याच्याकडे हाताएवढा लांब कॅमेरा. त्यानं वडप्याच्या एका बंद गोडाऊनमधल्या घुबडाचा फोटो टाकला. काय फोटो होता! डोळे असे, की मी घरात पदर सावरला. कंट्रोलरनं लिहिलं, 'आपल्याला घुबडाचं बुबुळ दिसत आहे. याचा अर्थ घुबडालाही आपलं बुबुळ दिसलं. त्याची दिवसाची झोप मोडल्याबद्दल आपण काय केलं?' डॉक्टर बिचारा म्हणाला, 'सॉरी म्हणालो.' 'कोणाला?' 'घुबडाला, साहेब.' तेव्हा कुठे सुटला.

आता माझं सांगते. माझ्या मागच्या खिडकीतून गोडाऊनची पत्र्याची छपरं दिसतात आणि त्यांच्या पलीकडे खाडीचं खाजण. तिथे पांढरं काहीतरी हललं, म्हणून मी मोबाईल धरला. फोटोत अर्धा माझा अंगठा, बाकी पत्रे आणि कोपऱ्यात खडूचा ठिपका पडावा तसं काहीतरी. खाली लिहिलं, 'बगळा असेल. मी घरात होते.'

कंट्रोलर खूश! 'सर्वांनी ताईंचा आदर्श फोटो पाहावा. पक्षी अजिबात घाबरलेला नाही.'

कुणीतरी विचारलं, 'साहेब, पण यात पक्षी कुठे आहे?'

'तेच तर,' कंट्रोलरनं लिहिलं.

तिथून मी चढले. म्हातारपणी कौतुक झालं की माणूस किती बिघडतो, ते माझ्याकडे बघून कळावं. चाळीस वर्षं बाळंतपणाच्या दवाखान्यात आया म्हणून राबले, कितीतरी पोरांना जगात आणताना हात दिला, कुणी कधी 'आदर्श' म्हटलं नाही. इथे एका ठिपक्यावर म्हटलं. मी रोज ठिपके काढायला लागले. सूनबाई म्हणायची, "आई, ती पाण्याची टाकी आहे." मी म्हणायचे, "तुला काय कळतं." आणि खरोखर, टाकीच्या फोटोलाही कंट्रोलरनं 'उत्तम अंतर' असा शेरा दिला होता. दातांचा डॉक्टर मला फोन करून विचारायचा, "आजी, तुम्ही नेमकं काय करता?" मी सांगायचे, "काही करत नाही, बाळ. लांब राहते."

महिन्यातून एका रविवारी सगळे खाडीवर जमायचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यानं माझं आडनाव विचारलं, जयभीम घातला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही पुढे बसा. तुमच्यासारखी माणसं हवीत." मी पुढे बसले. तो फिका पडलेला खाकी शर्ट घालायचा आणि घडीची खुर्ची खांद्याला अडकवून रिक्षानं यायचा. माणसांना रांगेत बसवायचा, बोलू द्यायचा नाही. "तो पक्षी तुम्हाला भेटायला आलेला नाही," असं सांगायचा. "तो ड्युटीवर आहे. ड्युटीवरच्या माणसाशी आपण बोलतो का?" रंगीत साडी नेसून आलेल्या एका शिक्षिकेला त्यानं झाडामागे बसवलं होतं. समोरून आलेल्या माणसाला मात्र आधी ओळख दाखवायचा नाही. तुम्ही बोललात की मग "अरे, तुम्ही होय!" म्हणायचा. मला वाटायचं, साहेबपणा आहे अंगात. बायको गेलेली, मुलगी नाशिकला, पडघ्यात एकटाच राहायचा. दिवसभर मोबाईल नाकाला लावून बसायचा. ग्रुप म्हणजेच त्याचं घर झालं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

मग त्या पावसाळ्यात ते झालं. शनिवारी दुपारी मी लसूण सोलत बसले होते. ग्रुपवर कंट्रोलरचा फोटो आला. त्यानं कधीच फोटो टाकला नव्हता. मी बघत राहिले. चिमणीहून लहान पाखरू, पण सगळा पडदा भरून. लालभडक चोच, पिवळं पोट, पाठीवर जांभळं-निळं असं काही, की लग्नातला शालू झक मारेल. पिसं मोजून घ्यावीत इतकं जवळून. आणि मागे मातीच्या कापलेल्या भिंतीत एक भोक. ते त्याचं घरटं.

खाली लिहिलं होतं, 'तिबोटी खंड्या. पडघ्याच्या पुढे. अंतर: हात लांब केला असता तर शेपटीला लागला असता.' त्याच्या खाली, 'घरट्याजवळ गेल्याबद्दल सदर सदस्यास पावसाळा संपेपर्यंत बाहेर काढण्यात येत आहे. हुकमावरून, कंट्रोलर.' आणि तो स्वतःच ग्रुप सोडून गेला.

मी लसणीचा हात पुसते न पुसते, तोच माझ्या मोबाईलवर आलं की तुम्ही आता ॲडमिन आहात. एकुलता एक ॲडमिन गेला की यंत्र कुणाला तरी आपणच उचलून त्या जागी बसवतं म्हणे. दोनशे माणसांत डॉक्टर होते, प्राध्यापक होते, पोलीस खात्यातले होते. यंत्राला मी सापडले. यंत्रालाही माझे ठिपके आवडले असतील.

दातांच्या डॉक्टरचा लगेच फोन. "आजी, आधी तो फोटो काढा. कोपऱ्यात गोडाऊनच्या कंपाउंडवरचा मोठा लाल आकडा दिसतोय. जागा सगळ्यांना कळली. उद्या रविवार, मुंबईहून गाड्या येतील. या पाखरापाशी माणसं सारखी गेली, तर ते घरटं टाकून जातं. पिल्लं आत उपाशी मरतात."

"कंट्रोलरला आकडा दिसला नाही?"

"तेच मला समजत नाही. आमच्या फोटोतला विजेचा खांबसुद्धा त्यांनी पुसायला लावला होता. आजी, काढा लवकर."

मी काढायला गेले. फोटोच्या जागी मी डॉक्टरला काढलं. मग डॉक्टरला घ्यायला गेले, तर कुणी प्लायवूडचा दुकानदार आत आला. सून कामावरून येईपर्यंत हेच चाललं होतं. तिनं एका मिनिटात फोटो काढला, डॉक्टरला घेतलं आणि दुकानदाराची माफी मागितली. तोवर तो फोटो कुठे कुठे पोचला होता.

कंट्रोलरला मी परत आत घेतलं. तो निघून गेला. पुन्हा घेतलं, पुन्हा गेला. फोन केला.

"ताई, नियम वाचा."

"नियम तुम्हीच केलाय ना?"

"म्हणूनच."

"गेलात कशाला एवढ्या जवळ?"

त्यानं फोन ठेवला.

सकाळी मी पडघ्याची गाडी धरली. गुडघे दुखत होते, डोक्यात राग होता आणि हातात छत्री. तो घरट्यापाशीच असणार, म्हणून स्टँडवरून रिक्षावाल्याला लाल आकड्याचं गोडाऊन विचारलं, तर तो म्हणाला, "तुम्हीपण त्या पाखराला का? चला, सकाळपासून तीन खेपा झाल्या." मुख्य रस्त्यावरून एक कच्चा रस्ता आत जातो. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला गोडाऊनसाठी टेकडी कापलेली. त्या कच्च्या रस्त्याच्या तोंडावर, बरोबर मधोमध, घडीची खुर्ची टाकून कंट्रोलर बसला होता. मातीच्या भिंतीकडे पाठ, तोंड रस्त्याकडे. डोक्यावर खताच्या गोणीची खोळ.

त्याच्यापुढे एक मोठी गाडी उभी होती. आतला माणूस खिडकीतून म्हणत होता, "काका, सिर्फ पाच मिनिट. दूर से लेंगे."

"गाडी आगे नहीं जायेगी."

"अरे काका, रास्ता आपका है क्या?"

"रास्ता खराब है, पूल बंद है, ड्रायवर छुट्टीपर है. अगली गाडी दिवाली के बाद. पीछे लो."

समोर पूलच नव्हता. पण आवाजच असा होता, की गाडी मागे गेली. मी पुढे जाऊन म्हटलं, "मलाही मागे पाठवताय का?"

"अरे ताई, तुम्ही होय! जयभीम." तो खुर्चीवरून उठला. "फोटोतल्या आकड्याचं एकानं फोनवर सांगितलं. कालपासून इथे आहे. बसा."

मी बसले. दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून तो उभा राहिला. पण भिंतीकडे पाठ ठेवूनच.

"घरी चला," मी म्हटलं. "भिजून मराल."

"ताई, एक काम करा. मला तिकडे बघायचं नाही, ती माझी शिक्षा आहे. तुम्ही बघा. पाखरू तोंडात काही धरून त्या भोकात गेलं, तर पिल्लं जिवंत आहेत. नाहीच आलं, तर..." तो गोणीचं पाणी निपटायला लागला.

म्हणजे आता त्या पिल्लांचा निकाल माझ्या डोळ्यांवर आला. मी खुर्ची वळवली. भिंत बरीच लांब होती. भोक दिसत होतं. मी भोकाकडे बघत राहिले. शेजारच्या खाचरात पाड्यावरची एक बाई वाकून भाताची लावणी करत होती, मधूनच आमच्याकडे बघत होती. दोन म्हातारी माणसं, एक खुर्ची, एकाची पाठ इकडे, एकीची तिकडे. तिला काय वाटलं असेल, तिलाच ठाऊक.

"आला?"

"नाही."

पुन्हा बऱ्याच वेळानं, "आला?"

"आला की सांगेन. सारखी चौकशी करू नका."

त्याला हसू आलं नाही. मला खाडीवरच्या सगळ्या रविवारांपेक्षा ती बैठक जड गेली. पाऊस थोडा थांबला, वारा सुटला आणि भिंतीच्या कडेला झुडपात निळं काहीतरी फडफडलं. मी ओरडलेच, "आला! निळा आहे! तो बघा, झुडपावर!"

शिक्षा विसरून कंट्रोलर गर्रकन वळला. मान पुढे काढून बघितलं. "हो, हो! तोच! पाठ दिसली त्याची. ताई, तोच तो!"

तेवढ्यात वाऱ्यानं ते निळं पाखरू उलटं झालं आणि हातभर लांब पसरलं. ताडपत्रीचा फाटका तुकडा होता.

माझं मी समजू शकते. मी पाण्याच्या टाकीला बगळा म्हणालेली बाई. पण हा? मी त्याच्याकडे बघितलं. तो अजून हसत बघत होता, आणि तेही झुडपाकडे नाही, त्याच्या बाजूच्या मोकळ्या आभाळाकडे. दवाखान्यात इतकी वर्षं काढली, तरी मला तेव्हा कुठे उमजलं. दोन्ही बुबुळांवर दुधाची साय होती.

"ती ताडपत्री आहे," मी म्हटलं.

तो परत रस्त्याकडे तोंड करून म्हणाला, "असेल."

"कधीपासून दिसत नाही?"

"दिसतं. जवळचं थोडं दिसतं."

"आणि माझे फोटो?"

"तुमचे फोटो चांगले असतात, ताई. उगाच डोळ्यांवर ताण येत नाही."

घ्या. वर्षभर ज्या कौतुकावर मी तरंगत होते, त्याची ही किंमत. जगात माझ्या फोटोंची एकाच माणसाला कदर होती आणि त्याला दोन फुटांपलीकडची म्हैस दिसत नव्हती. मला आधी हसू आलं आणि मग त्याचा राग आला.

"मग डोळे का दाखवत नाही?"

"दाखवले. ऑपरेशन म्हणाले. आमच्या शेजारच्याचं बिघडलं होतं, ताई. माझं बिघडलं, तर आहे तेवढंही जाईल. म्हटलं, मग एकदा बघून घ्यावा. सगळं आयुष्य लोकांना लांबून बघा सांगितलं. लांबून मला काही दिसेना. म्हणून गेलो जवळ." मग म्हणाला, "इतका सुंदर असतो हे मला माहीतच नव्हतं हो."

मला अशा वेळी काय बोलायचं ते येत नाही. बाळंतपणात बाया रडायच्या, तेव्हाही मी 'जोर लाव' एवढंच म्हणायचे. मी मोबाईल काढला.

"ॲडमिन कोण आहे आता?"

"तुम्ही."

"मग हुकूम माझा चालेल ना?"

त्यानं मान हलवली. कायद्याचा माणूस होता. "लेखी द्या," म्हणाला. "ग्रुपवर टाका. सगळ्यांसमोर असलेलं बरं."

मी टाईप करायला घेतलं. 'मोतीबिंदू' लिहिताना दोनदा 'मोती' नावाचा कुत्रा आणि एकदा गणपतीचे मोदक मोबाईलनं आपणहून पुढे केले. तो बाजूला वाकून, मोबाईलला नाक लावून प्रत्येक अक्षर तपासत होता आणि 'सदर सदस्य' लिहा, 'त्यांना' नको, म्हणून चुका काढत होता. शेवटी झालं. 'सदर सदस्यास मोतीबिंदू काढल्याशिवाय परत घेतले जाणार नाही. मग पावसाळा संपो न संपो.' पाठवलं. लगेच उत्तरं यायला लागली. अंगठे, हात जोडलेले, टाळ्या. दातांच्या डॉक्टरनं लिहिलं, 'ओळखीचा डोळ्यांचा डॉक्टर आहे. मी स्वतः घेऊन जातो.' मी सगळं मोठ्यानं वाचून दाखवत होते.

ऑपरेशन त्यानं गणपतीनंतर केलं. ते नीट झालं. आता नाशिकला मुलीकडे असतो आणि मी टाकलेल्या फोटोंवर एक शब्द लिहीत नाही. पण ते नंतरचं.

तेव्हा आम्ही दोघं एका मोबाईलवर वाकलो होतो. तर खाचरातली बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि ओरडली, "ओ आजी! काय बघतांव त्या डबड्यात?"

"काय झालं?"

"दोन बारी येऊन गेला तुमचा पाखरू. तोंडात बेडकी व्हती. भोकात शिरला नि रिकामा आला भाईर. तुमी दोघा डोकी घालून बसलेव!"

"बेडकी?" कंट्रोलरनं विचारलं. "बाई, नक्की बेडकीच होती?"

"मंग काय वडापाव नेतो काय तो?" ती म्हणाली आणि पुन्हा वाकून लावणीला लागली.

कंट्रोलर चार पावलं पुढे गेला, रस्त्याच्या तोंडाशी उभा राहिला आणि हात उंच करून, जोरजोरात हलवून, गाडी मागे घ्या, मागे घ्या, असं करायला लागला. रस्ता पार मोकळा होता. मी त्याला सांगितलं नाही.